आधी जमीन, मग झोका

विकायला ठेवलेल्या झोक्यांच्या फोटोंमध्ये हिरवळ कधी संपत नाही. तिला कंपाउंडची भिंत नसते, कपडे वाळत घालायची दोरी नसते, खिडकीबाहेर आलेला कूलरचा लोखंडी स्टँड नसतो. नागपुरातल्या घराच्या मागच्या अंगणात हे सगळं असतं, शिवाय एखादा कडुनिंब, धुण्याचा दगड आणि भिंतीलगत लावलेला कढीपत्ता. म्हणून नातवंडांसाठी झोका आणि घसरगुंडीचा सेट घ्यायचं ठरलं तेव्हा मी मोबाइल बाजूला ठेवला आणि टेप घेऊन मागच्या दारातून बाहेर गेले. उत्तर-दक्षिण चोवीस फूट, पूर्व-पश्चिम बावीस. पुढचे सगळे निर्णय या दोन आकड्यांनीच घेतले असं म्हटलं तरी चालेल.

सेट घ्यायचं मनात आलं त्यालाही कारण होतं. आमच्या लेआउटमधली जुनी घरं एकेक करून पडताहेत आणि तिथे फ्लॅट स्कीम उभ्या राहताहेत. शेजारच्या प्लॉटवर पूर्वी दोन आंब्याची झाडं होती, आता चार मजले आहेत. तिथे राहायला आलेली लेकरं चांगली आहेत, दंगेखोर आहेत, पण खेळायला त्यांच्याकडे खांबांमधलं पार्किंग आहे. चेंडू गाडीला लागला की वरून आवाज येतो. आमच्या घरी वरच्या मजल्यावर मुलगा-सून राहतात, त्यांची दोन मुलं, आठ वर्षांचा नातू आणि पाच वर्षांची नात. त्यांना जमीन आहे आणि शेजारच्यांना नाही, हे मला रोज मागच्या दारातून दिसत होतं. अंगण उरलंय तोवर ते मुलांच्या पायाखाली असावं, एवढीच इच्छा होती.

बागेत घेऊन जा, असं काही जण म्हणाले. जातोच आम्ही. रविवारी अंबाझरी, कधी महाराजबाग. पण बागेतला झोका म्हणजे रांग, आणि रांगेतलं मूल झोका खेळत नाही, आपला नंबर मोजतं. घरचा झोका शाळेतून आल्यावर बूट न काढता गाठता येतो. रुसलेलं मूल तिथे एकटं जाऊन बसू शकतं. मला ते हवं होतं.

आता अंतरांचं सांगते, कारण खरेदी करताना हेच कुणी विचारत नाही. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या मार्गदर्शिकेत घरगुती झोक्यांबद्दल साधा नियम दिलेला आहे. ज्या आडव्या दांड्याला झोका टांगला त्याची जमिनीपासून जेवढी उंची, त्याच्या दुप्पट जागा पुढे मोकळी हवी आणि दुप्पट मागे. बाकी सर्व बाजूंनी सहा फूट. दांडा आठ फुटांवर असेल तर पुढे-मागे मिळून बत्तीस फूट लागतात. एवढी लांबी शहरातल्या किती अंगणांना असते? आमच्या चोवीस फुटांत दांडा सहा फुटांच्या वर जाऊच शकत नव्हता. रुंदीतून कडुनिंबाखालची चार फुटांची पट्टी मी आधीच वगळली होती, तिथली मुळं दुखवायची नव्हती. उरले अठरा फूट. दोन्ही बाजूंचे सहा-सहा गेले की सेटच्या वाट्याला सहाच. म्हणजे एक झोका आणि त्याला लागून एक घसरगुंडी. दोन झोके, दोरीची शिडी, वर छप्पर, छपराखाली फिरवायचं चाक असलेले मोठाले सेट तिथेच बाद झाले.

मुलाला ते जरा खटकलं. तो म्हणाला, ‘‘आई, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, पण मोठा घेऊ.’’ पैशांचा प्रश्न नव्हता. मोठा सेट लहान अंगणात ठेवला की अंगण संपतं, आणि मुलाचं निम्मं खेळणं तर सेटच्या आजूबाजूलाच होतं. पळत येऊन घसरगुंडीवर उलटं चढणं, झोक्याखाली घर मांडणं, चिखलाचे लाडू वळणं. प्लास्टिकच्या चाकाची गंमत आठवडाभर टिकते. मोकळ्या जमिनीचा कंटाळा आलेलं मूल मी अजून पाहिलेलं नाही.

निवड करताना आणखी काही गोष्टी मी हट्टाने पाहिल्या. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे, आणि आयएस ९८७३ या मानकाचा चौथा भाग घरगुती वापराच्या झोके-घसरगुंड्यांसाठीच आहे. मार्कसोबत सीएम/एल असा लायसन्स नंबर असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की लायसन्स कुणाचं आणि चालू आहे का, ते दिसतं. विकणाऱ्याला मी तो नंबर मागितला. जिथे नंबराऐवजी ‘एकदम मजबूत आहे मॅडम’ एवढंच उत्तर आलं, तिथे मी पुढे बोलले नाही. दुसरी गोष्ट फटींची. शिडीच्या पायऱ्यांमध्ये किंवा कठड्यात साडेतीन ते नऊ इंचांची फट असू नये. लहान मुलाचं अंग तेवढ्यातून पार होतं आणि डोकं अडकतं. फोटोत हे कळत नाही, मोजमापाचा तक्ता मागवावा लागतो.

लाकडी सेट दिसायला देखणे असतात, आणि आमच्या विदर्भाला लाकडाचं प्रेमही आहे. बल्लारशाच्या सागवानाची दारं-खिडक्या इथल्या जुन्या घरांत अजून ताठ आहेत. पण त्या दारांवर छप्पर असतं. उघड्यावर, काळ्या मातीत पाय रोवलेल्या मऊ लाकडाला पावसाळ्यात वाळवी लागायला वेळ लागत नाही. म्हणून जस्ताचा मुलामा दिलेल्या जीआय पाइपची चौकट घेतली आणि जाड प्लास्टिकची फिकट रंगाची घसरगुंडी. रंग नातीने निवडला असता तर गडद लाल आला असता. तिला मी पिवळ्या आणि आकाशी रंगातून निवडायला सांगितलं, कारण गडद रंग ऊन जास्त पितो.

उन्हाबद्दल इथे थोडं थांबायलाच हवं. घसरगुंडीचं तोंड उत्तरेला ठेवा, म्हणजे ऊन थेट पडणार नाही, असा सल्ला सर्रास दिला जातो. ज्या देशांत सूर्य वर्षभर दक्षिणेकडूनच जातो तिथे तो बरोबर आहे. नागपूर मात्र साधारण २१.१५ अंश उत्तर अक्षांशावर आहे, कर्कवृत्ताच्या खाली. २६ मेच्या सुमारास भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली नाहीशी होते, आणि तिथून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. त्याच वेळी तो रोहिणी नक्षत्रात शिरलेला असतो आणि नवतपा, म्हणजे सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस, चालू असतो. पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तो याच दिवसांत. म्हणजे वर्षातल्या सगळ्यात वाईट दुपारी उत्तरेकडे उतरणारी घसरगुंडी सूर्याच्या समोरच असते. तोंड कुठेही करा, नागपुरात सावलीशिवाय इलाज नाही. आमचा कडुनिंब पश्चिमेच्या भिंतीशी आहे. दुपारी कलल्यावर त्याची सावली अंगणभर सरकत येते. सेट त्या सावलीच्या हिशोबाने लावला आणि नियम केला की एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊनंतर आणि संध्याकाळी साडेपाचच्या आधी कुणी चढायचं नाही. त्यानंतरही आधी मोठ्या माणसाने घसरगुंडीवर तळहात ठेवायचा, मग मुलांनी.

सामान आलं ते दिवाळीनंतर. टेम्पोवाल्याने लांबलचक खोके मागच्या फाटकातून आत घेतले. पाइप, साखळ्या, नट-बोल्ट-वायसरची पिशवी, एलन की, आणि चारी पायांसाठी जमिनीत ठोकायच्या हातभर लांबीच्या लोखंडी खुंट्या. सोबतच्या कागदावरच्या चित्रात एक माणूस हातोडीने खुंटी ठोकतोय आणि खालची जमीन म्हणजे एक सरळ रेघ.

आमची जमीन सरळ रेघ नाही. नागपूर दोन प्रकारच्या खडकांवर वसलंय. पूर्वेकडे फार जुना, पट्ट्यापट्ट्यांचा नाइस, आणि पश्चिमेकडे दख्खनचा बेसॉल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्या बेसॉल्टची झीज होऊन झालेली काळी कापसाची माती आमच्या पश्चिम भागात आहे. शेतकऱ्याला तिचं मोल आहे, कारण ती पाणी धरून ठेवते. बांधकामाला तीच जड जाते. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. मे महिन्यात आमच्या अंगणात अशा भेगा पडतात की नातवाची गोटी आत गेली तर परत मिळत नाही. पहिल्या पावसात त्याच भेगा मिटतात आणि माती चपलेला सोडत नाही. कंपाउंडची भिंत या फुगण्या-आकसण्याने एका कोपऱ्यात तडकलीच आहे. अशा मातीत ठोकलेली हातभर खुंटी डिसेंबरात घट्ट असते, मेमध्ये सैल आणि जुलैत तिरपी.

आमच्या घराची सगळी डागडुजी करणाऱ्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी आधी सेटकडे पाहिलंच नाही. सब्बल घेतली, कोपऱ्यात एक खड्डा केला आणि माती मुठीत दाबून पाहिली. म्हणाले, ‘‘काकू, ह्या खुंट्या ठेवून द्या. हे माती फुगते. मुरूम लागेपर्यंत जावं लागन.’’

‘‘किती खोल जावं लागेल?’’

‘‘ते तीच सांगन.’’

तीन फुटांवर पिवळसर मुरूम लागला आणि सब्बलचा आवाज बदलला. तो आवाज ऐकून मला फार बरं वाटलं. चारी पायांसाठी तेवढेच खड्डे झाले.

एवढ्या हलक्या खेळण्याला एवढा पाया कशाला, असं आमच्या घरातही विचारून झालं. ‘‘अहो, मजला चढवायचाय का त्यावर?’’ हे म्हणाले. हलकं खेळणं उभं असतं तेव्हाच हलकं. झोका गतीत आला की हिशोब बदलतो. साठ अंशांपर्यंत वर गेलेलं मूल खाली येतं तेव्हा अगदी तळाच्या क्षणी साखळीवर त्याच्या वजनाच्या दुप्पट ओढ असते. पंचवीस किलोचा नातू त्या क्षणी दांड्याला पन्नास किलोने ओढतो, आणि लगेच दुसऱ्या बाजूला जातो. प्रत्येक हेलकाव्यात चौकटीचे एका बाजूचे पाय दाबले जातात आणि दुसऱ्या बाजूचे उचलले जायला बघतात. संध्याकाळभर, पुढे मागे, पुढे मागे. झोक्याचा पाया वजन पेलण्यापेक्षा उपटलं जाणं थांबवण्यासाठी असतो. हे मी यांना कागदावर काढून दाखवलं, तेव्हा ते उठून मिस्त्रींना चहा द्यायला गेले.

पाय थेट काँक्रीटमध्ये गाडायचे नाहीत असं मिस्त्रींनी सुचवलं. जमिनीच्या तोंडाशी, जिथे ओल आणि हवा दोन्ही मिळते, तिथेच पाइप आधी गंजतो, आणि गाडलेला पाय मग बदलता येत नाही. त्यापेक्षा जरा मोठ्या व्यासाच्या पाइपचे तुकडे काँक्रीटमध्ये बसवायचे आणि सेटचे पाय त्यात उतरवून आरपार बोल्ट मारायचा. इतवारीच्या लोहा ओळीतून तसे तुकडे आणले. त्यांचं खालचं तोंड मुरमावर उघडं ठेवलं, म्हणजे आत शिरलेलं पाणी झिरपून जाईल. वरच्या तोंडाला डांबर फासलं. पाय असे आत उतरल्याने कंपनीने सात फूट सांगितलेला दांडा बरोबर सहा फुटांवर आला, जो आमच्या चोवीस फुटांना हवा होता. साखळीच्या काही कड्या तेवढ्या कमी केल्या. पाटी जमिनीपासून फूटभरापेक्षा खाली येऊ द्यायची नव्हती, नाहीतर खाली वाकलेल्या पोराचा हात चेंगरायचा.

पाय तिरपे, म्हणून तुकडेही त्याच कलाने बसायला हवेत. त्यासाठी चौकट आधी पूर्ण जोडून खड्ड्यांत उभी केली, पाय तुकड्यांत घातले, आडव्या दांड्यावर लेव्हल पट्टी ठेवली आणि बल्ल्यांचे टेके देऊन मगच माल ओतला. एक सिमेंट, दोन रेती, चार गिट्टी. मिस्त्रींसोबत आलेल्या रेजा बाईंनी घमेली वाहिली. त्यांची सहा-सात वर्षांची मुलगी सोबत होती, ती दिवसभर खोक्याच्या पुठ्ठ्यात नातीशी घर-घर खेळली. संध्याकाळी निघताना तिने दांड्याकडे पाहून विचारलं, ‘‘आजी, हा कधी सुरू होते?’’ मी तिला सांगितलं की काँक्रीटला पाणी पाजून पक्कं होऊ द्यायचं, मग सुरू. ‘‘तवा येऊ?’’ तवा यायचंच, म्हटलं. आणि ती आली. आईचं काम दुसऱ्या गल्लीत होतं तरी आली.

काँक्रीट पक्कं होईपर्यंतचे दिवस मुलांनी ज्या रीतीने काढले ते मला विसरता येणार नाही. साखळ्या मी मुद्दाम लावल्या नव्हत्या. रोज सकाळी शाळेत जायच्या आधी दोघं पायांच्या भोवती पाणी घालायची. नातीने तर आपल्या पाण्याच्या बाटलीतलंही घातलं. संध्याकाळी कंपाउंडवर बसून संत्री सोलत दोघांची चर्चा चालायची की आत सिमेंट काय करत असेल. मी सांगितलं की सिमेंट नुसतं वाळत नाही, पाण्याशी त्याचा संयोग होतो आणि त्यातून ते दगडासारखं होतं, म्हणून पाणी घालायचं. नातवाला हे पटेना. पाण्याने वस्तू मऊ होतात, कडक कशी होईल? बोट लावून तपासायची त्याला परवानगी होती. चौथ्यांदा की पाचव्यांदा तपासल्यावर तो म्हणाला, ‘‘आज्जी, खरंच आहे गं.’’ वस्तू येते आणि त्याच दिवशी खेळायला मिळते, या सवयीच्या मुलांना वाट पाहण्यात काही तरी करायला मिळालं, याचा मला आनंद आहे.

मग खालचा बिछाना. माती किंवा गवतावर पडणाऱ्या मुलाला ती जमीन वाचवत नाही. वाळलेली काळी माती तर खडकासारखी टणक. रबरी लाद्या नागपूरच्या उन्हात तापतात. करवतीच्या गिरणीतला लाकडाचा भुसा-ढलप्या लकडगंजातून सहज मिळाला असता, पण पावसाळ्यात कुजला असता आणि वाळवीला बोलावणं गेलं असतं. उरली कन्हानची रेती. चार फुटांपर्यंतच्या पडण्याला नऊ इंच रेतीचा थर चालतो, आणि आमच्या घसरगुंडीचा माथा चार फुटांचाच. अठरा गुणिले चोवीस फूट, नऊ इंच जाडी, म्हणजे सव्वातीन ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). खालची माती तेवढी काढली, गिट्टीचा पातळ थर, त्यावर पाणी झिरपू देणारं कापड, आणि मग चाळलेली रेती. काढलेली काळी माती आजूबाजूच्या घरांनी कुंड्यांसाठी नेली. सेट, खड्डे, रेती असा एकूण खर्च मांडला तर जवळपास निम्मा जमिनीखाली गेलाय. तो फोटोत येत नाही, आणि मला विचाराल तर त्यातला एक रुपयाही कमी करू नये. रेती पायाखाली दबून घट्ट होते, म्हणून ती दर पंधरवड्याला पंजाने मोकळी करावी लागते. मांजरीही येतात. रात्री वर ताडपत्री टाकतो.

कूलरचा स्टँड दुसऱ्या खिडकीला नेला. कपड्यांची दोरी काढून गच्चीवर बांधली. ती मुलांच्या गळ्याच्या उंचीवर होती आणि आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ओढणी, गळ्यातला गोफ, सायकलचं हेल्मेट घालून चढायचं नाही, हे सगळ्यांना पाठ आहे. शेजारची लेकरं एकमेकांना दरडावतात, ‘‘ए, ओढणी काढ आधी बे!’’ पावसाळ्यात घसरगुंडीच्या पायथ्याशी जिथे पाणी साचायचं तिथे एक भोक पाडून घेतलं. डेंग्यूच्या डासाला झाकणभर पाणीही पुरतं.

आणि झोका? पाच वर्षांच्या मुलीला स्वतः झोका घेता येणं ही मोठी विद्या आहे. पाय कधी लांबवायचे, कधी दुमडायचे, पाठ कधी मागे टाकायची, हे सांगून येत नाही. मी सांगायचा प्रयत्न सोडून दिला आणि नुसती बसून राहिले. आमच्या साखळीच्या लांबीला एक हेलकावा अडीच सेकंदांच्या आसपास होतो. नातू बसो की नात, वजनाने त्यात फारसा फरक पडत नाही. तो वेळ अंगात मुरावा लागतो. जानेवारीतल्या एका संध्याकाळी तिला तो सापडला. तिने मला हाक मारली नाही, कुणाला दाखवलं नाही. खाली उतरून पुन्हा बसली आणि अजून सापडतोय का ते पाहिलं.

तान्ह्या पोळ्याला लेआउटमधली सगळी पोट्टी आपापले लाकडी बैल सजवून मागच्या फाटकातून आत आली. बैल रेतीत उभे केले आणि रांग लावून झोके घेतले. रांग लागलीच शेवटी, पण ती ओळखीच्यांची. फाटकाला संध्याकाळी कुलूप लावत नाही हे आता सगळ्यांना माहीत आहे. एवढंच सांगितलंय की कुणी तरी मोठं माणूस अंगणात असायला हवं, आणि ते बहुतेक मीच असते.

नातू अजून दोन-तीन वर्षांत या उंचीच्या बाहेर जाईल, मग नात. तेव्हा बोल्ट काढून चौकट वर उचलता येईल आणि एखाद्या लहान लेकराच्या घरी देता येईल. खड्ड्यांतले पाइप तिथेच राहतील. मिस्त्रींना विचारून ठेवलंय, त्यांच्यात जाड पाइपची नवी चौकट उतरवली तर माझ्या सासूबाईंची माळ्यावरची सागवानी बंगई, म्हणजे घरातला पाटाचा झोपाळा, तिला टांगता येते. तिच्या सळया मी काढून घासून ठेवल्या आहेत.